राखीव माईकची हजेरी

सीताबर्डीवर मोर भवनाकडून व्हरायटी चौकापर्यंत चालत गेले, तर दोन्ही बाजूंना दुकाने, बँका, शिकवणी वर्ग, दवाखाने आणि कार्यालये एकावर एक रचलेली दिसतात. यांपैकी मोठ्या इमारतींच्या तळमजल्यावर, लिफ्टजवळ किंवा सुरक्षारक्षकाच्या टेबलामागे भिंतीवर एक पेटी बसविलेली असते. तिच्यावर काही छोटे दिवे, अक्षरे उमटणारा एक पडदा, काही कळा आणि कधी कधी गुंडाळीच्या तारेला टांगलेला एक माईक असतो. येणारे-जाणारे तिच्याकडे क्वचितच पाहतात. हीच अग्निसूचना यंत्रणेची पेटी. तंत्रज्ञ मंडळी तिला ‘पॅनेल’ म्हणतात.

प्रस्तुत लेखात या पॅनेलच्या एका लहानशा भागाविषयी माहिती देण्याचा विचार आहे. तो भाग म्हणजे राखीव माईक. हा माईक बिघडला तर पॅनेलने ते आपणहून सांगावे, यासाठी पॅनेलमध्ये जी व्यवस्था करून ठेवावी लागते, म्हणजेच जे प्रोग्रामिंग करावे लागते, त्याची ही ओळख आहे. लेखक तंत्रज्ञ नाही. तो बँकेतील लिपिक असून शिक्षण कला शाखेचे झालेले आहे. परंतु शाखा ज्या इमारतीत आहे तेथील यंत्रणेच्या तपासणीच्या वेळी वहीवर साक्षीची सही करण्याचे काम माझ्याकडे असते, आणि सही करण्यापूर्वी आपण कशावर सही करतो आहोत हे विचारून घ्यावे, ही सवय बँकेने लावली आहे. त्या विचारपुशीतून जे समजले, ते सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर ठेवीत आहे.

घंटा पुरेशी का नाही?

आग लागली की घंटा वाजते आणि लोक बाहेर पडतात, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात घंटा ऐकून लोक आधी एकमेकांकडे पाहतात. ‘चाचणी चालली असेल’, ‘शाळेची घंटा असेल’ असे म्हणून हातातले काम चालू ठेवतात. इंग्लंडमधील न्यूकॅसल शहराच्या मॉन्युमेंट या भुयारी रेल्वे स्थानकात संशोधकांनी याचे प्रयोग केले व त्यांचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. नुसती घंटा वाजविली तेव्हा बरेच प्रवासी जागच्या जागी थांबून राहिले. काय झाले आहे आणि कोणत्या मार्गाने जावयाचे आहे, हे कर्मचाऱ्याने ध्वनिक्षेपकावरून स्पष्ट सांगितले, तेव्हा मात्र ते लवकर बाहेर पडले. घंटा ‘काहीतरी झाले’ एवढेच सांगते. काय करावयाचे ते माणसाचा आवाज सांगतो.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी लागलेल्या आगीत ५९ माणसे दगावली. त्या प्रकरणात पुढे आलेल्या गोष्टींपैकी एक अशी, की आत बसलेल्या प्रेक्षकांना सावध करणारी घोषणा ध्वनिक्षेपकावरून झालीच नाही. लंडनच्या किंग्ज क्रॉस भुयारी स्थानकात १८ नोव्हेंबर १९८७ रोजी ३१ माणसे मृत्युमुखी पडली. तेथेही ध्वनिक्षेपकाचा उपयोग केला गेला नव्हता, असे चौकशीत दिसून आले. दोन्ही ठिकाणी वेळ होता. तो थोडा होता, पण होता. आवाज मात्र पोहोचला नाही.

या अनुभवांमुळे मोठ्या इमारतींत घंटेबरोबर बोलणारी यंत्रणा बसविली जाऊ लागली. आपल्या देशाच्या २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत अशा घोषणा हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेतून देण्याची सूचना आहे. या घोषणा ध्वनिमुद्रित असतात. परंतु ध्वनिमुद्रित घोषणेला कोणत्या जिन्यात धूर भरला आहे हे ठाऊक नसते. ‘पूर्वेकडील जिना वापरू नका, मागच्या जिन्याने उतरा’ हे त्या क्षणी माणूसच सांगू शकतो. त्यासाठी माईक हवा.

राखीव माईक कशासाठी?

मुख्य माईक पॅनेलमध्येच किंवा पॅनेलशेजारी असतो. पण आग पॅनेलच्या खोलीजवळच लागली तर? किंवा पॅनेलकडे जाणाऱ्या वाटेवर धूर असेल तर? अशा वेळी उपयोगी पडावा म्हणून दुसऱ्या ठिकाणी, उदाहरणार्थ मागच्या फाटकावरील सुरक्षा कक्षात, दुसरा माईक ठेवतात. काही यंत्रणांत हा माईक पॅनेलच्या मुख्य संगणकीय भागाला वगळून थेट ध्वनिवर्धकाला जोडलेला असतो. मुख्य भाग बंद पडला तरी माणसाचा आवाज मजल्यांवर जावा, हा त्यामागील हेतू.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राच्या उत्तर मनोऱ्यात तळमजल्यावरून इमारत रिकामी करण्याची सूचना दिली गेली होती. परंतु विमानाच्या धडकेने यंत्रणेची हानी झाल्यामुळे ती सूचना अनेक ठिकाणी ऐकूच गेली नाही, असे चौकशी आयोगाने नमूद केले आहे. बोलणारा होता, माईकही होता. वाट तुटलेली होती. एकाच वाटेवर सर्व भरवसा ठेवू नये, हा धडा येथून घ्यावयाचा.

राखीव वस्तूची एक अडचण मात्र असते. मुख्य वस्तू रोज वापरली जाते, म्हणून ती बिघडली की लगेच कळते. राखीव वस्तू वर्षानुवर्षे खुंटीवर असते. ती केव्हा निकामी झाली हे कोणालाच कळत नाही. मोटारीची राखीव चाके, घरातील मेणबत्तीजवळची काडेपेटी, सर्वांची हीच कथा. म्हणून राखीव माईक नुसता बसवून भागत नाही. ‘मी ठीक आहे’ अशी हजेरी त्याने सतत द्यावी, आणि हजेरी चुकली की पॅनेलने ओरडून सांगावे, अशी सोय करावी लागते.

पॅनेल हजेरी कशी घेते?

पॅनेलवरील दिव्यांचा अर्थ प्रथम पाहू. लाल दिवा म्हणजे आगीची सूचना. पिवळा दिवा म्हणजे यंत्रणेतच काही बिघाड आहे. याला तंत्रज्ञ ‘ट्रबल’ किंवा ‘फॉल्ट’ म्हणतात. हिरवा दिवा म्हणजे वीजपुरवठा चालू आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हिरव्या दिव्याचा अर्थ ‘सर्व काही ठीक आहे’ असा नाही. ‘वीज आहे’ एवढाच तो आहे.

तार तुटल्याचे पॅनेलला कसे कळते, हे शालेय विज्ञानातील ओहमच्या नियमावरून समजते. समजा, पॅनेलपासून निघालेल्या दोन तारांच्या अगदी शेवटच्या टोकाला ४,७०० ओहमचा एक छोटा रेझिस्टर, म्हणजे रोध, जोडला आहे. तारांवर २४ व्होल्टचे विभवांतर ठेवले, तर सुमारे ५ मिलिअँपिअर एवढी अल्प विद्युतधारा अखंड वाहत राहते. विद्यार्थ्यांनी भागाकार करून पाहावा. ही धारा म्हणजेच हजेरी. तार कोठेही तुटली की धारा शून्यावर येते. दोन तारा एकमेकींना चिकटल्या, म्हणजे शॉर्ट झाल्या, की धारा एकदम वाढते. दोन्ही वेळा पॅनेलला समजते की वाट नीट राहिलेली नाही. रेझिस्टर पॅनेलजवळ न बसविता शेवटच्या टोकालाच बसवावयाचा असतो, कारण हजेरी वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत घ्यावयाची आहे. काही ठिकाणी आळसापोटी तो पॅनेलमध्येच बसवितात. मग बाहेरची सर्व तार तुटली तरी पॅनेल समाधानी राहते.

माईकच्या बाबतीत केवळ तारेची हजेरी पुरत नाही. चार गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, माईकची पिन खाचेत बसलेली आहे काय. दुसरी, पॅनेलपासून माईकपर्यंतची तार अखंड आहे काय. तिसरी, माईकच्या आतील आवाज पकडणारा भाग जिवंत आहे काय. चौथी, बोलताना दाबावयाची कळ अडकून राहिलेली नाही ना. तिसरी गोष्ट पाहण्याच्या निरनिराळ्या पद्धती आहेत. काही यंत्रणा माईकच्या आतील भागातून जाणारी बारीक विद्युतधारा मोजतात. काही यंत्रणा माणसाच्या कानाला ऐकू न येणारा अतिशय उंच सूर माईकजवळ सोडतात, आणि तो सूर माईकमार्गे परत आला की नाही हे पाहतात. आवाजी सूचना यंत्रणेसाठी असलेल्या युरोपच्या ईएन ५४-१६ या मानकात आणीबाणीच्या माईकच्या आतील भागापासून पुढच्या तारेपर्यंतचा बिघाड दाखविला जावा, अशी अपेक्षा आहे.

चौथी गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तशी नाही. राखीव माईकची कळ अडकून राहिली तर पॅनेल समजते की तेथून कोणीतरी बोलत आहे. मग ते मुख्य माईकला वाट देत नाही. निकामी राखीव माईक चांगल्या मुख्य माईकलाही गप्प बसवू शकतो.

हिरवा दिवा आणि मुका माईक

काही काळापूर्वी बर्डीवरील एका व्यापारी इमारतीत सहामाही तपासणी चालली असताना मी हजर होतो. पॅनेलवर एकही पिवळा दिवा नव्हता. पडद्यावर सर्व ठीक असल्याचे वाक्य होते. तंत्रज्ञाने मागच्या सुरक्षा कक्षातील रक्षकाला राखीव माईकवरून बोलण्यास सांगितले. रक्षकदादांनी कळ दाबून दोनदा ‘हॅलो’ म्हटले. वरच्या मजल्यांवर काहीच ऐकू आले नाही. शोध घेता असे आढळले की, मध्यंतरी सुरक्षा कक्षाची जागा थोडी सरकविली गेली होती. माईक नव्या भिंतीवर आणला, पण त्याच्या तारेचे दुसरे टोक खोट्या छतावर सुटेच राहिले होते.

खरा प्रश्न पुढे होता. तार सुटली होती तर पॅनेल गप्प का? तंत्रज्ञाने लॅपटॉप जोडून पाहिले. पॅनेलच्या प्रोग्रामिंगमध्ये राखीव माईकच्या जागेपुढे ‘वापरात नाही’ अशी नोंद होती. मूळ पॅनेल बसले तेव्हा राखीव माईक नव्हताच. तो नंतर आला. माईक भिंतीवर चढला, परंतु हजेरीपटावर त्याचे नाव चढले नाही. ज्याचे नाव पटावर नाही, त्याची गैरहजेरी लागणार कशी? नोंद बदलून घेण्यास अर्धा तासही लागला नाही. त्यानंतर मुद्दाम पिन काढली, तेव्हा काही सेकंदांतच पिवळा दिवा लागून बझर वाजू लागला.

या प्रसंगात कोणाचे नुकसान झाले नाही. पण यातून या विषयाचे मर्म कळते. पॅनेल गप्प आहे याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, सर्व ठीक आहे. दुसरा, विचारणाराच कोणी नाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

प्रोग्रामिंग करताना काय काय पाहावे?

हे काम परवानाधारक तंत्रज्ञाचे आहे व त्यानेच करावयाचे. प्रत्येक कंपनीच्या पॅनेलची पद्धत वेगळी असते. तथापि इमारतीच्या समितीने, व्यवस्थापकाने किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकाने खालील गोष्टी विचारून घेतल्यास काम नीट झाले की नाही हे समजते.

१) स्वतंत्र नोंद : राखीव माईकची पॅनेलमध्ये स्वतःची वेगळी नोंद हवी. मुख्य माईक, राखीव माईक, ध्वनिवर्धक आणि स्पीकरच्या तारा या सर्वांचा बिघाड एकाच नावाखाली दाखविला, तर नेमके काय बिघडले ते शोधण्यातच दिवस जातो.

२) देखरेख चालू करणे : वापरात नसलेल्या जोडणीवर उगाच बिघाड दिसू नये म्हणून काही पॅनेलांत देखरेख मुळात बंद ठेवलेली असते. माईक जोडल्यावर ती चालू करावी लागते. ही एक खूण करावयाची राहिली की वर सांगितलेला प्रकार घडतो.

३) प्रकार ठरविणे : माईकच्या बिघाडाची नोंद ‘बिघाड’ म्हणूनच हवी, ‘आग’ म्हणून नव्हे. चुकून आगीच्या प्रकारात घातली, तर उंदराने तार कुरतडली तरी सगळी इमारत रस्त्यावर येईल. असे दोनदा झाले की तिसऱ्यांदा खऱ्या आगीलाही कोणी हलणार नाही.

४) थांबण्याचा अवधी : क्षणभर पिन हलली तर लगेच बझर वाजू नये म्हणून काही सेकंदांचा अवधी ठेवता येतो. परंतु तो फार लांबवू नये. अमेरिकेतील एनएफपीए ७२ या संहितेनुसार बिघाड २०० सेकंदांच्या आत दिसावा लागतो. युरोपच्या ईएन ५४ मानकानुसार ही मर्यादा १०० सेकंदांची आहे.

५) पडद्यावरील मजकूर : ‘माईक २ ट्रबल’ असे लिहिण्यापेक्षा ‘राखीव माईक, मागील सुरक्षा कक्ष’ असे ठिकाणासह लिहावे. पडद्यावर अक्षरे मोजकी मावतात, म्हणून क्रमांकाऐवजी जागेचे नाव द्यावे. रात्रपाळीच्या रक्षकाला क्रमांकांची यादी पाठ नसते. जागा मात्र त्याला ठाऊक असते.

६) सूचना कोठे जाते : पिवळा दिवा ज्या खोलीत लागतो, त्या खोलीत रात्री माणूस असतो काय? नसेल तर माणूस जेथे बसतो तेथे दुसरा छोटा पडदा किंवा बझर द्यावा.

७) बझर गप्प केल्यानंतर : बझर बंद करण्याची कळ सर्वांनाच ठाऊक असते. बझर बंद केला तरी बिघाड दूर होईपर्यंत पिवळा दिवा लागलेलाच राहावा. एनएफपीए ७२ नुसार गप्प केलेला बिघाड दुरुस्त होईपर्यंत २४ तासांच्या आत पुन्हा वाजला पाहिजे. आपल्या पॅनेलमध्ये ही सोय असल्यास ती चालू करून घ्यावी.

८) आपोआप मिटणारा बिघाड : सैल पिन दिवसातून चार वेळा सुटते व बसते. पिवळा दिवा लागतो आणि विझतो. पाहणारा म्हणतो, ‘गेला वाटते.’ पॅनेलच्या स्मरणात मात्र प्रत्येक वेळ तारखेसह नोंदलेली असते. महिन्यातून एकदा ही नोंद काढून वाचावी. एकच नाव वारंवार दिसत असेल तर तेथे दुरुस्ती हवी.

९) कोणाचे आधी : दोन्ही माईकवरून एकाच वेळी बोलले तर कोणाचा आवाज जाईल, आणि ध्वनिमुद्रित घोषणा चालू असताना माईकची कळ दाबली तर ती थांबेल काय, हेही ठरवून घ्यावे. सर्वसाधारणपणे जिवंत माणसाचा आवाज यंत्रातल्या घोषणेच्या वर असावा.

१०) बिघाडाचा रिले : पॅनेलमधील एक विद्युत कळ, जिला रिले म्हणतात, ती बिघाडाची वार्ता बाहेर पोहोचवते. सर्व ठीक असताना ही कळ विजेने ओढून धरलेली असावी व बिघाड होताच सुटावी. याचा फायदा असा की, पॅनेलच संपूर्णपणे बंद पडले तरी कळ सुटते आणि वार्ता बाहेर जाते. उलट जोडणी केली, तर मेलेले पॅनेल आपण मेल्याचे सांगू शकत नाही.

खात्री कशी करावी?

प्रोग्रामिंग झाले असे कागदावर लिहून देणे वेगळे आणि ते सिद्ध करणे वेगळे. बँकेत व्हाउचरवरील रक्कम व हातातील रोकड यांचा मेळ बसल्याशिवाय दिवस संपत नाही. दहा रुपयांचा फरक निघाला तरी सर्वजण थांबतात. त्याच बँकांच्या इमारतींत पिवळा दिवा महिनोन्महिने लागलेला असतो आणि सहा वाजता सर्वजण त्याच्यासमोरून घरी जातात, हे विचार करण्यासारखे आहे.

खात्रीची रीत सोपी आहे. प्रथम तपासणी चालू असल्याचे सर्व मजल्यांना कळवावे. मग राखीव माईकची पिन काढावी. पिवळा दिवा किती सेकंदांत लागतो, पडद्यावर कोणता मजकूर येतो, हे लिहून ठेवावे. पिन परत बसवावी व बिघाड मिटल्याचे पाहावे. त्यानंतर तंत्रज्ञाकरवी तार शॉर्ट करून पाहावी. कळ बराच वेळ दाबून धरावी. मुख्य वीज बंद करून यंत्रणा बॅटरीवर असताना हेच पुन्हा करावे. शेवटी प्रत्यक्ष बोलावे आणि प्रत्येक मजल्यावर एक माणूस उभा करून शब्द समजले काय ते विचारावे. ‘आवाज आला’ हे उत्तर पुरेसे नाही. ‘काय म्हटले ते सांगा’ असे विचारावे. रंगकाम, खोट्या छताचे काम, खोली बदलणे किंवा प्रोग्रामिंगमधील कोणताही बदल झाल्यावर ही चाचणी पुन्हा घ्यावी.

देखरेखीलाही न दिसणाऱ्या गोष्टी

प्रोग्रामिंग कितीही नीट केले तरी काही गोष्टी पॅनेलला दिसत नाहीत. मुख्य माईकची तार आणि राखीव माईकची तार एकाच नळातून नेलेल्या असतील, तर पॅनेल दोघांचीही हजेरी इमानेइतबारे लावील. आग त्या नळाला लागली की दोघे एकदम गैरहजर होतील. राखीव माईकच्या पेटीला कुलूप आहे आणि किल्ली सुटीवर गेलेल्या माणसाच्या खिशात आहे, हेही पॅनेलला दिसत नाही. रात्रपाळीचा रक्षक नवा आहे आणि माईक हातात घेतल्यावर काय बोलावे हे त्याला कोणी सांगितलेले नाही, हे तर मुळीच दिसत नाही. यासाठी माईकशेजारी चार ओळींचा मराठी व हिंदी मजकूर ठळक अक्षरांत लावून ठेवावा : आग कोठे आहे, कोणता जिना वापरावा, लिफ्ट वापरू नये, कोठे जमावे.

कायदा आणि आपली जबाबदारी

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर ही यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी आहे. परवानाधारक संस्थेचे तसे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै महिन्यांत द्यावे लागते. हे प्रमाणपत्र पाहावयास मागणे म्हणजे कोणावर अविश्वास दाखविणे नव्हे. ज्या इमारतीत आपली मुले शिकवणीला जातात किंवा आपले वडीलधारे उपचार घेतात, तेथे एवढे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

नागपूरपासून जवळच असलेल्या भंडाऱ्याची आठवण येथे टाळता येत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तेथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली. १० बालके दगावली व ७ बालकांना वाचविता आले. कक्षातून धूर येत असल्याचे प्रथम ध्यानात आले ते कामावर असलेल्या परिचारिकेच्या. ती बाळे ना घंटा ऐकून उठू शकत होती, ना चालू शकत होती. अशा ठिकाणी यंत्राची हजेरी किती काटेकोर असावी, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द

या क्षेत्राचे देशातील एक प्रमुख शिक्षणकेंद्र आपल्याच शहरात आहे. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूर येथे सुरू झाले आणि १९५७ मध्ये नागपूरला आले. देशभरातील अग्निशमन अधिकारी येथे प्रशिक्षण घेतात आणि अग्निशमन अभियांत्रिकीच्या पदवीचे शिक्षणही येथे झाले आहे. आपल्यापैकी कित्येकांनी त्या वाटेने जाताना फाटक पाहिले असेल, पण आत काय शिकवितात याची चौकशी केली नसेल. ज्यांना अभियांत्रिकीला जाणे जमणार नाही, त्यांना आयटीआयमधील वीजतंत्री किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक या व्यवसायांतूनही यंत्रणांच्या देखभालीच्या कामात शिरता येते. उंच इमारती, रुग्णालये आणि मेट्रो स्थानके वाढत आहेत, त्या प्रमाणात हे काम प्रामाणिकपणे करणाऱ्या हातांची गरजही वाढत आहे. ओहमचा नियम पक्का असणे आणि न केलेल्या चाचणीपुढे ‘केली’ असे न लिहिणे, एवढे भांडवल सुरुवातीला पुरते.

समारोप

१४ एप्रिल हा दिवस आपण सर्वजण ज्या कारणाने साजरा करतो, ते सांगावयास नको. त्याच तारखेला देशात अग्निशमन सेवा दिनही पाळला जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर स्फोट झाले व आग विझविताना अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ तेव्हापासूनचा आठवडा अग्निसुरक्षेसाठी राखलेला आहे.

त्या आठवड्यात प्रत्येक सभासदाने एक काम करावे, अशी नम्र विनंती आहे. आपण जेथे नोकरी करतो, जेथे आपली मुले शिकतात, ज्या वसतिगृहात विद्यार्थी राहतात, तेथे जाऊन तीन प्रश्न विचारावेत : येथे राखीव माईक आहे काय? त्याची पिन काढली तर पॅनेल सांगते काय? आणि पॅनेलने सांगितले तर ते ऐकणारा माणूस कोण? जेथे पॅनेलच नाही, अशा लहान सभागृहात किंवा अभ्यासिकेत बॅटरीवर चालणारा हातातला भोंगा ठेवता येतो. त्याची बॅटरी महिन्यातून एकदा तपासून वहीत तारीख लिहिणे, हीही हजेरीच आहे.

तीन प्रश्नांपैकी एकाचे उत्तर जरी ‘माहीत नाही’ असे आले, तर त्याच दिवशी तंत्रज्ञाला बोलवावे आणि पिन काढून दाखवावयास सांगावे.